रंग उडाला तर रंगवा, लॉक तुटले तर बदला

प्रताप नगर चौकातून खामल्याकडे किंवा माटे चौकाकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोटारसायकली उभ्या दिसतात. घराच्या आवारातली सावली चारचाकीच्या वाट्याला जाते आणि एमएच-31 पाटीची दुचाकी फाटकाबाहेर उन्हात राहते. चार-पाच उन्हाळे काढलेल्या अशा गाडीवर बसून मीटरकडे पाहावे. त्याच्या भोवतालचे एकेकाळचे काळेभोर प्लास्टिक राखाडी पडलेले असते, बोट फिरवले तर पांढरट पूड लागते आणि खड्ड्यातून गाडी गेली की आतून खडखड ऐकू येते. ही आतली फेअरिंग, म्हणजे गाडीच्या पुढच्या आवरणाचा आतला भाग. गॅरेजात तिला नुसते ‘इनर’ म्हणतात.

तिच्याबाबत मालक सहसा दोन टोके गाठतो. एक तर बाजारातून काळ्या रंगाचा स्प्रे आणून तो जागच्या जागी मारतो आणि पुढच्या पावसाळ्यात पापुद्रे सुटलेले पाहतो; नाहीतर ‘सगळेच बदलून टाका’ असे सांगून मोकळा होतो आणि केवळ फिकट झालेला धडधाकट भाग कचऱ्यात जातो. दोन्ही निर्णय दिसण्यावरून घेतलेले असतात. आमचे म्हणणे असे की, हा निर्णय प्लास्टिकची जात आणि त्याच्या जोडण्यांची अवस्था पाहून घ्यावा. रंग उडाला असेल तर रंगवावे, लॉक (पॅनेल जागेवर अडकवून ठेवणारे दात) तुटले असतील तर बदलावे. वाक्य सोपे आहे, पण ते अमलात यायला मालक, पेंटर आणि कंपनी या तिघांकडे जी माहिती हवी, ती आज तिघांकडेही अपुरी आहे.

फेअरिंग मुळात हवेसाठी आली. 1976 साली बीएमडब्ल्यूने आर 100 आरएस ही मोटारसायकल आणली. तिची पूर्ण फेअरिंग इटलीतल्या पिनिनफारिना कंपनीच्या वातबोगद्यात चाचण्या घेऊन घडवली होती. आपल्याकडच्या तरुण वर्गाला फेअरिंगची ओढ लागली ती 2003 ची करिझ्मा, 2007 ची पल्सर 220 आणि 2008 ची आर15 या गाड्यांमुळे. बाहेरची फेअरिंग हवा कापते आणि नजरेत भरते. आतल्या फेअरिंगचे काम न दिसणारे आहे. मीटरला आधार देणे, हेडलाइटच्या मागची वायरिंग आणि जोडण्या पावसापासून झाकणे, बाहेरच्या पॅनेलला आतून ताठ ठेवणे आणि हँडल पूर्ण वळेपर्यंत केबल व नळ्यांना मोकळी वाट राखणे, एवढे सगळे ती करते. तिचा एक लॉक तुटला की भार शेजारच्या लॉकवर येतो आणि काही महिन्यांत तोही जातो. म्हणून खडखड ऐकू आली की ‘चालतंय’ म्हणून सोडून देऊ नये.

नागपुरात ती लवकर का खराब होते, हे समजून घेतले पाहिजे. 23 मे 2013 रोजी या शहरात 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हवामान खात्याचा आकडा सावलीतला असतो. उन्हातले काळे प्लास्टिक त्याहून कितीतरी अधिक तापते. मोटारसायकलचे पॅनेल बहुधा एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन या दोन प्लास्टिकांपैकी एकाचे असते. एबीएसमध्ये ब्युटाडाइनचा रबरी अंश असतो आणि धक्का सोसण्याची ताकद त्याच्यामुळेच येते. सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून आधी या रबरी अंशावरच घाला घालतात. त्यामुळे वरचा थर फिका, भुरभुरीत आणि ठिसूळ होतो. काळ्या प्लास्टिकमधली कार्बनची काजळी हे किरण शोषते, म्हणून काळे पॅनेल इतर रंगांपेक्षा जास्त टिकते. पण वरचा पातळ थर अखेर हरतोच. पॉलिप्रॉपिलीनचीही वेगळ्या मार्गाने हीच गत होते.

उन्हाच्या जोडीला माणसाचा हातही असतो. पुढच्या ब्रेकची टाकी आतल्या फेअरिंगच्या अगदी शेजारी असते आणि तेल बदलताना चार थेंब तरी सांडतात. डॉट 3 किंवा डॉट 4 प्रकारचे ब्रेक ऑइल रंग उचलून काढते. पेट्रोल किंवा कडक थिनर लागले तर ताणाखाली असलेल्या एबीएसला केसासारख्या बारीक चिरा जातात. धुलाई केंद्रावर चकाकीसाठी लावतात त्या शायनरमध्ये बऱ्याचदा सिलिकॉन असते. ते आठवडाभर काळेपणा देते आणि पुढे रंग धरू देत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्लास्टिकचे आकुंचन-प्रसरण. अर्धा मीटर लांबीचे एबीएसचे पॅनेल हिवाळ्यातल्या पहाटेच्या 10 अंशांपासून मे महिन्यातल्या दुपारच्या 65 अंशांपर्यंत तापले, तर सुमारे दोन मिलिमीटरने वाढते. तेवढाच लांब पोलादी भाग एक तृतीयांश मिलिमीटरने वाढतो. पॉलिप्रॉपिलीन तर एबीएसपेक्षाही जास्त हलते. हा फरक पोटात घेण्यासाठीच कंपनी बोल्टचे भोक लांबट ठेवते, त्यात रबरी ग्रॉमेट बसवते आणि बोल्टने प्लास्टिक चिरडू नये म्हणून धातूचा बुश घालते. सर्व्हिसिंगच्या घाईत बुश हरवतो, ग्रॉमेटऐवजी वॉशर लागतो आणि बोल्ट ताकद लावून आवळला जातो. मग पॅनेलला हलायला जागा उरत नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात भोकाभोवती चीर जाते. प्लास्टिक तुटण्याचा दोष नेहमी उन्हाला किंवा कंपनीला देणे बरोबर नाही. कितीतरी लॉक पान्यानेच तुटतात.

म्हणून निर्णयाआधी तपासणी हवी आणि ती घरी करता येते. पॅनेल काढून साबणाच्या पाण्याने धुवावे. ओले असताना ते पुन्हा काळे दिसत असेल, तर खराबी वरच्या थरापुरती असण्याची शक्यता मोठी. मग प्रत्येक भोक आणि प्रत्येक लॉक उजेडात पाहावा. कड हलकेच वाकवावी. पॅनेल लवून परत जागेवर आले, तर त्यात जीव आहे. वाकवताच पांढरी रेघ उमटली, करकर वाजले किंवा चीर पुढे सरकली, तर रंगावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. रंगाचा थर चीर झाकतो, सांधत नाही. लॉक शाबूत असलेले फिकट पॅनेल रंगवावे. एखादा लॉक गेला असेल तर सांधून पाहावा. मीटरचा आधार, हेडलाइटची पकड किंवा मुख्य बोल्टची जागा गेली असेल, तर नवे घ्यावे.

सांधणे असो वा रंगवणे, आधी प्लास्टिकची जात कळली पाहिजे. पॅनेलच्या पाठीमागे बऱ्याचदा दोन कोनी चिन्हांच्या मध्ये ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. खूण नसेल तर आतल्या कडेची बारीक कपची काढून पाण्यात टाकावी. पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे 0.9 असल्याने ते तरंगते, एबीएसची 1.05 च्या आसपास असल्याने ते बुडते. काही पॅनेलमध्ये खनिज भुकटी मिसळलेली असते आणि तेव्हा ही परीक्षा चकवते. अशा वेळी कपचीवर अॅसिटोनचा थेंब टाकावा. एबीएस चिकट होते, पॉलिप्रॉपिलीनला काही होत नाही. या पाच मिनिटांच्या तपासणीवर पुढचे सगळे काम उभे आहे. एबीएसची चीर विरघळवून जोडणाऱ्या सिमेंटने किंवा उष्णतेने सांधता येते. पॉलिप्रॉपिलीनला साधा डिंक किंवा पुट्टी धरतच नाही. ते त्याच प्लास्टिकची कांडी वापरून गरम वेल्डिंगनेच जोडावे लागते. पुट्टी भरून दिलेला पॉलिप्रॉपिलीनचा लॉक गॅरेजच्या दारापर्यंतच शाबूत राहतो.

रंगाचेही तसेच. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळावे तसा साधा रंग पॉलिप्रॉपिलीनवर ठरत नाही. त्यासाठी आधी पकड देणाऱ्या खास प्रायमरचा, म्हणजे अॅडहिजन प्रमोटरचा, पातळ हात द्यावा लागतो. एबीएसला प्लास्टिकसाठीचा नेहमीचा प्रायमर पुरतो. क्रम मात्र दोन्हींना एकच. पॅनेल गाडीवरून काढायचे, साबणाने धुवायचे, सिलिकॉन आणि तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसायचे आणि मगच घासायचे. आधी घासले तर सिलिकॉन ओरखड्यांत शिरते आणि रंगात गोल खळगे पडतात. गुळगुळीत पॅनेलला 400 आणि 600 नंबरचा वॉटर पेपर पाण्यासह चालवावा. दाणेदार पॅनेलला पेपर लावू नये, कारण दाणा एकदा घासला गेला की परत येत नाही. तिथे घासणीचा मऊ पॅडच बरा. त्यानंतर प्रायमर आणि काळ्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे थांबावे. एकच जाड हात हा घाईचा मार्ग आहे आणि तो ओघळात किंवा पापुद्र्यात संपतो.

या कामाला नागपूरचे हवामान सोपे नाही. मे महिन्यातल्या दुपारी थिनर इतक्या लवकर उडतो की रंगाचा कण पॅनेलपर्यंत पोचतानाच सुकतो. मग पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पकड कच्ची राहते. उन्हाळ्यात काम करायचेच असेल तर सकाळी लवकर, सावलीत आणि सावकाश उडणारा थिनर वापरून करावे. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत काही रंगांवर पांढुरकी झाक येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. हाताला सुका लागलेला रंग आतून पक्का व्हायला कित्येक दिवस घेतो, म्हणून पॅनेल संध्याकाळी बसवून रात्री पावसात न्यायचे नसते. लवकर पक्के व्हावे म्हणून भट्टीत जास्त तापवणेही धोक्याचे. कारखान्यात पोलादी पत्र्यावरचा रंग 140 अंशांच्या आसपास भाजतात, पण एबीएस 100 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते.

सौंदर्याच्या हौसेला इथे एक मर्यादा पाळावी लागते. आतली फेअरिंग चालकाच्या डोळ्यांसमोर असते. कंपनी तिला काळी, मंद आणि दाणेदार ठेवते, कारण चकचकीत पृष्ठभागावरचे ऊन थेट डोळ्यांत येते आणि समोरच्या पारदर्शक काचेत त्याचे प्रतिबिंब पडते. रिंग रोडवर दुपारच्या उन्हात क्षणभर डोळे दिपणे ही किरकोळ बाब नाही. बाहेरच्या पॅनेलला हवी तेवढी चमक द्यावी. आतल्याला मॅट काळाच रंग आणि वरचा पारदर्शक थरही (क्लिअर) मॅटच असावा. गाडीच्या मुख्य रंगाची नोंद नोंदणी प्रमाणपत्रात असते. आतले काळे पॅनेल पुन्हा काळेच केल्याने त्या नोंदीला धक्का लागत नाही; अख्ख्या गाडीचा रंग बदलायचा असेल तर मात्र आधी आरटीओची प्रक्रिया पूर्ण करावी.

बदलायचे ठरले तर भाग क्रमांक पाहून घ्यावा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक मीटर आणि हेडलाइट बदलतात आणि त्याबरोबर आतले पॅनेलही. बाजारातला स्वस्त पर्यायी भाग घेणे गैर नाही, पण तो जुन्या भागावर ठेवून प्रत्येक भोक जुळते का हे दुकानातच पाहावे. ताणून बसवलेला भाग फार काळ टिकत नाही. ग्रॉमेट, बुश आणि क्लिपा नव्या घ्याव्यात. त्यांची किंमत पॅनेलच्या मानाने नगण्य असते आणि पॅनेलचे आयुष्य त्यांच्यावरच अवलंबून असते. सगळे बोल्ट आधी हाताने लावून मग क्रमाने आवळावेत. शेवटची तपासणी सुरक्षेची आहे. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवावे. कुठे अडत नाही ना, वायर चिमटत नाही ना, आणि इंजिन चालू ठेवून हँडल वळवताना त्याचा वेग आपोआप वाढत नाही ना, हे पाहावे. वेग वाढला तर अॅक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे असे समजावे. अशी गाडी रस्त्यावर आणू नये.

खर्चाचा हिशेबही डोळसपणे करावा. उन्हाने आलेली झीज विम्यात बसत नाही. अपघातात पॅनेल तुटले तरी मोटार विम्याच्या सर्वसाधारण नियमांनुसार प्लास्टिक, रबर आणि नायलॉनच्या भागांवर 50 टक्के घसारा कापला जातो. घसारा माफ करणारे जास्तीचे कलम घेतले असेल तरच पूर्ण किंमत मिळते. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. तो एका वर्षानंतर 20 टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर 50 टक्क्यांपर्यंत असतो. केवळ आतल्या पॅनेलसाठी दावा करणे त्यामुळे बहुतेक वेळा तोट्याचे ठरते.

एक खर्च मात्र बिलात कधीच दिसत नाही. तो पेंटरच्या छातीवर पडतो. टिकाऊ चमकेसाठी वापरतात त्या दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. स्प्रे मारताना त्याचा तुषार श्वासात गेला तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही धाप लागते. व्यवसायजन्य दम्याच्या सर्वपरिचित कारणांपैकी हे एक आहे. तोंडाला बांधलेला रुमाल यापुढे निरुपयोगी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे आणि हवा बाहेर खेचणारी बंदिस्त जागा हा त्यावरचा खरा उपाय. वस्तीतल्या गल्लीत, शेजारच्या खिडकीसमोर, उघड्यावर स्प्रे गन चालवणे पेंटरला आणि शेजाऱ्यांना दोघांनाही घातक आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर 2016 च्या नियमांनी 90 पीपीएमची मर्यादा आली. वाहनांचे रंग त्या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. म्हणूनच जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नये, ओला घासावा. आणि चांगली साधने वापरणारा पेंटर दोन पैसे जास्त मागत असेल, तर ग्राहकाने ते कुरकुर न करता द्यावेत. त्याच्या फुफ्फुसांच्या जोरावर झालेली बचत ही बचत नव्हे.

एवढ्याशा प्लास्टिकसाठी इतका विचार कशाला, असे कुणी म्हणेल. उत्तर संख्येत आहे. नागपूरच्या कितीतरी घरांत दुचाकी आहे. फेकलेले काळे प्लास्टिक भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या वाटेला लागते तेव्हा त्याचा पुनर्वापर अवघड असतो. कार्बनच्या काजळीमुळे प्लास्टिक निवडणाऱ्या यंत्रांच्या अवरक्त किरणांना त्याची जात ओळखता येत नाही आणि रंगाचा थर असेल तर शुद्ध माल हाती लागत नाही. धड पॅनेल आणखी पाच वर्षे वापरणे हाच त्याचा सर्वांत चांगला पुनर्वापर आहे.

ग्राहकाने शहाणे व्हावे एवढे सांगून संपादकीय संपवणे अन्यायाचे होईल. कंपन्यांचा वाटा मोठा आहे. 25 ऑगस्ट 2014 रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची साधने खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ते प्रकरण पुढे अपिलात गेले आणि ते चारचाकींचे होते, पण त्यातला प्रश्न दुचाकीच्या मालकालाही लागू पडतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले. त्यात वाहन क्षेत्राचा समावेश आहे. या चौकटीत दुचाकी कंपन्यांनी तीन गोष्टी करायला हव्यात. प्रत्येक पॅनेलवर प्लास्टिकची खूण ठसठशीत कोरावी. ग्रॉमेट, बुश, क्लिपा आणि छोटे आधार पॅनेलपासून वेगळे विकावेत. आणि मॉडेल बंद झाल्यावर भाग किती वर्षे मिळतील, ते विक्रीच्या वेळीच लिहून द्यावे.

उरला प्रश्न ज्ञानाचा आणि त्यात नागपूर दरिद्री नाही. कामठीचे उद्योजक डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था 1942 पासून या शहरात आहे. पृष्ठभागावरचे लेप आणि प्लास्टिक-पॉलिमर हे दोन्ही विषय तिथे शिकवले जातात. चंद्रपूरला प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणारी केंद्राची सिपेट आहे. आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात वाहनांच्या रंगकामाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. अमरावती मार्गावरच्या लक्ष्मीनारायण संस्थेच्या प्रयोगशाळेत जे रोज शिकवले जाते, ते प्रताप नगरातल्या स्प्रे गनपर्यंत पोचत नसेल तर ती उणीव भरून काढणे अवघड नाही. रविवारच्या दोन-दोन तासांच्या कार्यशाळा, मराठीतली एक छोटी पुस्तिका, आणि महापालिकेने किंवा पेंटरांच्या संघटनेने उभारलेला, तासावर भाड्याने मिळणारा एक सामाईक पेंट बूथ एवढ्याने सुरुवात होते. बूथचा खर्च एकट्या गॅरेजला परवडत नाही, दहा-वीस गॅरेजना मिळून परवडतो.

मालकाने पॅनेल उलटे करून खूण वाचावी, पेंटरने त्या खुणेप्रमाणे प्रायमर निवडावा आणि तोंडावर खरा मुखवटा चढवावा, कंपनीने दोन रुपयांची क्लिप दोन रुपयांना विकावी. यातले काहीच कुणाच्या आवाक्याबाहेरचे नाही. पावसाळा ओसरला की रंगकामाचा हंगाम सुरू होतो. तोपर्यंत पहिली कार्यशाळा आणि पहिला सामाईक बूथ प्रताप नगराच्या परिसरात उभा राहावा, ही आमची संस्थांकडे आणि महापालिकेकडे स्पष्ट मागणी आहे.